पेशंट गेला तरी काहीच वाटत नाही, मी दगड झालेय का?

कळव्याची_सिस्टर:
नवी मुंबईत आयसीयूला स्टाफ नर्स आहे, 9 वर्षं झाली. मागच्या आठवड्यात नाईटला एक आजोबा गेले, त्यांची मुलगी बेडपाशी रडतेय आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच की आता पेपर, मग बॉडी, मग पुढच्या शिफ्टला ओव्हर देणं, आज ठाण्याची गाडी चुकणार. घरी आले तर पोराने दूध सांडलं म्हणून अशी ओरडले की सासूबाई बाहेर आल्या. आधी मला पेशंटची नावं पाठ असायची, आता नुसतं बेड 4, बेड 6. चार दिवस गावी जाऊन आले, पहिल्याच ड्युटीला परत तेच. सोडू का नोकरी? घराचे हप्ते आहेत.

ठाणेकर_काका:
रोज प्राणायाम करा. ही सेवा आहे, पुण्य मिळतं.

वागळे_ब्रदर:
काका, पुण्यावर हप्ता जात नाही 😄
ताई, मी अ‍ॅम्ब्युलन्सवर होतो, घरी सायरन ऐकू आला की टीव्हीचा आवाज वाढवायचो. मग ड्युटी सुटल्यावर सरळ घरी जाणंच बंद केलं, ठाण्यात तलावपाळीला तळ्याकाठी 20 मिनिटं बसायचं, फोन खिशात. बायकोला वाटलं बाहेर काहीतरी चालू आहे. पण पोरांवर ओरडणं कमी झालं हे खरं.

नेरुळ_समाजसेविका:
मी हॉस्पिटलातच सोशल वर्कर आहे. दगड वगैरे काही नाही गं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, बर्नआउटची व्याख्या दिली ती आजार म्हणून नाही, कामातून आलेली अवस्था म्हणून: थकवा, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. म्हणून तर गावी जाऊन फरक पडला नाही, परत आलीस तेव्हा रोस्टर तेच होतं ना. सलग किती नाईट, किती पेशंट ते इनचार्जना लेखी दे, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आणि ड्युटी नसतानाही कशातच रस वाटेना, झोप उडाली तर डॉक्टरांना भेट, ते डिप्रेशनही असू शकतं. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलतात.

कळव्याची_सिस्टर:
लेखी दिलं. इनचार्ज म्हणाल्या पुढच्या रोस्टरला बघू, म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. पण त्या आजोबांचं नाव रजिस्टरमध्ये शोधून वाचलं आणि तुर्भ्याला गाडीतच रडायला आलं.
@वागळे_ब्रदर, सकाळी आठला तलावपाळीला चहा मिळतो का?