एपीचं क्रेडिट घ्यायचं, की पहिला कोर्स पुन्हा करायचा?

एडिसनची आई:
लेकाचे एपीचे, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून मे महिन्यात द्यायच्या परीक्षांचे, निकाल आले. गुण ५ पैकी. कॅल्क्युलस बीसी (यात कॉलेजचे कॅल्क एक आणि दोन येतात) ५, केमिस्ट्री ५, यूएस हिस्टरी ४. ऑगस्टमध्ये स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला जातोय. तिथल्या तक्त्याप्रमाणे वीसेक क्रेडिट पदरात पडतात, म्हणजे तेवढे कोर्स पदवीसाठी आधीच झालेले धरतात. माझं मत ठाम आहे, सगळी घ्यायची. एका पेपरला शंभर डॉलरच्या आसपास भरले. तोच विषय कॉलेजात घेतला तर चार क्रेडिटना दोन हजारांच्या घरात जातात. पोरगं रात्री दोनपर्यंत डायनिंग टेबलावर बसलेलं मी पाहिलंय. नवरा म्हणतो, पाया पुन्हा घालू दे. तुम्हाला काय वाटतं?

लॅबवाला:
ताई, हिस्टरीचं बिनधास्त घ्या, केमिस्ट्रीचं नको. पीएचडी करताना मी दुसऱ्या वर्षाची ॲनालिटिकल लॅब घ्यायचो. एपीच्या जोरावर पहिलं वर्ष गाळून आलेली मुलं मोलॅरिटीचं गणित चुटकीसरशी सोडवायची, पण ब्युरेटचा, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या मोजनळीचा, कॉक सरळ उघडा सोडायची. टायट्रेशनमध्ये फिका गुलाबी रंग शेवटच्या एका थेंबावर येतो. यांच्या फ्लास्कात कोकम सरबत! हात बसायला वेळ द्यावा लागतो, तो एपीच्या मेमधल्या पेपरात मोजला जात नाही.

शिकागोकर:
दादा, मुलगा मेकॅनिकलला चाललाय. ब्युरेट परत त्याच्या हातात येणार आहे का? आमच्या इलिनॉयमध्ये २०१६ पासून कायदाच आहे: सरकारी विद्यापीठांनी ३ आणि वरच्या गुणांना क्रेडिट द्यायचं. माझी लेक त्यामुळे तीन वर्षांत पदवीधर झाली. एका वर्षाची फी आणि खोलीचं भाडं वाचलं. कर्ज काढून शिकवणाऱ्याला हे विचारा.

डेटनची मावशी:
पैसे वाचतात, मान्य. आमचे मात्र वाया गेले. मुलीला बीसीत ५ होते, पण अकरावीत. बारावीत तिने स्टॅटिस्टिक्स घेतलं. म्हणजे कॅल्क्युलसला पंधरा महिने हात नाही, आणि कॉलेजात थेट कॅल्क तीन. पहिल्या मिडटर्मला १०० पैकी ४२. घरी फोन करून रडली आणि कोर्स सोडला. प्रश्न हुशारीचा नव्हताच, मधल्या खंडाचा होता.

लॅबवाला:
हेच म्हणतोय मी. डार्टमथ या नामांकित खाजगी कॉलेजने २०१३ मध्ये जाहीर केलं की पुढे एपीला क्रेडिट देणार नाही. त्यांनी सायकॉलॉजीत ५ मिळवलेल्यांना आपल्या पहिल्या कोर्सवर बेतलेला पेपर दिला होता. बहुतेक नापास.

शिकागोकर:
महिनोन्‌महिने पुस्तक न उघडलेल्यांना अचानक पेपर दिलात तर कोण पास होईल? कोर्स करून आलेल्यांनाही वर्षभराने तोच पेपर द्या, मग बोलू. आणि डार्टमथचं चालतं, तिथे चार वर्षांची पूर्ण फी भरणारे मिळतात. मावशी, तुमच्या लेकीचं वाईट वाटलं. पण तिने क्रेडिट ठेवून कॅल्क दोनला बसायचं ना! क्रेडिट घेणं वेगळं आणि उडी मारणं वेगळं.

डेटनची मावशी:
आमच्याकडे तोच कोर्स पुन्हा केला की एपीचं क्रेडिट जातं. हा नियम आधी कुणी सांगितला नाही. एडिसनच्या ताई, ॲडव्हायझरला हे आधी विचारा.

एडिसनची आई:
विचारते. हिस्टरी आणि केमिस्ट्रीचं घेतोच. कॅल्क्युलससाठी डिपार्टमेंटच्या साइटवर कॅल्क दोनचा जुना फायनल पेपर मिळालाय. शनिवारी तीन तास घड्याळ लावून बसवते. सत्तरच्या खाली आला तर कॅल्क दोनच, नाहीतर थेट कॅल्क तीन.