मागची डुकरं खोकतायत आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांना स्वाइन फ्लू निघालाय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धागा काढायची ही पहिलीच वेळ, एरवी मी पाककृती वाचून गुपचूप पळते. लिहिताना लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, तिसरा मजला. मागे कंपाउंडची भिंत, पलीकडे नाला, आणि नाल्याच्या कडेला एका मामांनी पत्रे लावून सात-आठ डुकरं पाळलीयत. बरीच वर्षं आहेत, वास येतो तो येतोच पण सवय झालीय. तर सोमवारी पहाटे मला वाटलं कुत्रं भुंकतंय, पण आवाज घोगरा, थांबून थांबून येणारा, किचनच्या खिडकीतून बघितलं तर डुक्कर! चारी पाय रोवून, मान खाली घालून असं खोकत होतं की प्रत्येक वेळी पोट आत ओढलं जात होतं, नाकाला पाण्याची धार. दुसऱ्या दिवशी तीन-चार तशीच. एरवी हॉटेलच्या खरकट्याचं पिंप आलं की एकमेकांच्या अंगावर चढून धावतात, ती कोपऱ्यात एकमेकांना चिकटून पडलेली, पिंपाकडे ढुंकूनही बघेनात.

आणि बुधवारी पहिल्या मजल्यावरच्या काकांचा रिपोर्ट आला, एच१एन१ पॉझिटिव्ह. झालं! सोसायटीच्या ग्रुपवर जी काय जत्रा भरलीय म्हणता, सेक्रेटरी म्हणतायत महापालिकेत अर्ज देऊन डुकरं उचलायला लावू, एकाने इजिप्तने सगळी डुकरं मारली होती तो फॉरवर्ड टाकला, एक बाई म्हणाल्या डुकरवाल्याला आपल्या नळावर पाणी भरू देऊ नका. सासूबाईंनी घरात मटण बंद केलंय. बकऱ्याचं. आता काय बोलायचं.

माझी खरी काळजी वेगळीय. माझा मुलगा सहा वर्षांचा, भिंतीवरून केळीच्या साली आणि शिळ्या पोळ्या टाकायचा त्याला नाद, आणि रविवारी मामांचं बोट धरून थेट पत्र्याच्या आत जाऊन पिल्लू मांडीवर घेऊन आलाय, हे मला काल कळलं. बुधवारी रात्रीपासून त्याला ताप आहे, १०१, नाक गळतंय, पण खेळतोय. सासूबाई ७१, शुगर आणि दमा दोन्ही. नवरा म्हणतो सर्दी आहे, उगाच बाऊ करू नको, तो स्वतः रोज सीएसएमटीच्या लोकलमध्ये लोकांच्या शिंका खात जातो म्हणून त्याला काही वाटत नाही. फॅमिली डॉक्टरांनी पॅरासिटामोल देऊन घरी पाठवलं, मी डुकरांचं बोललेच नाही, लाज वाटली खरं सांगायचं तर. एका लॅबवाल्याने मात्र अख्ख्या घराची टेस्ट करा म्हणून मागे लकडा लावलाय.

काकांना डुकरांकडूनच झालं असेल का? डॉक्टरांना परत जाऊन सांगू का? आणि ती डुकरं हलवायच्या अर्जावर सही मागतायत, करू की नको?

– तिसरामजला

मुळामुठा ते मुलुंड: ताई, २००९ला मी पुण्यात होतो. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला, शाळकरी मुलगी होती, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून. नायडू हॉस्पिटलबाहेर ही रांग. त्या रांगेत मीही चार तास उभा होतो, आणि डुकराच्या आसपास फिरकलेला एक माणूस भेटला असेल तर शपथ. सगळे एकमेकांकडून घेऊन आलेले. काकांना डुकराकडून झालं म्हणणं म्हणजे जर्मन गोवर झाला म्हणून जर्मनाला शोधत फिरणं.

ओपीडी नंतर: पेशाने फिजिशियन आहे, पण पेशंट न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा. २००९ची साथ डब्ल्यूएचओने ऑगस्ट २०१०मध्ये संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू कुठे गेला नाही, तोच आता दरवर्षीच्या साध्या फ्लूपैकी एक आहे. नाव तेवढं चिकटलं. काका पत्र्याच्या आत जात नसतील तर त्यांना तो ऑफिसात, बसमध्ये, कुठेही मिळाला असेल.

मुलाचं मात्र वेगळं आहे, म्हणून आजच डॉक्टरांना सांगा, लाज कसली. डुकरांमधले फ्लूचे विषाणू माणसाच्या फ्लूपेक्षा वेगळे असतात, ते क्वचित माणसात येतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. अमेरिकेत २०१२ला तीनशेहून जास्त लोकांना असा एच३एन२ झाला, बहुतेक लहान मुलं, जत्रेत डुकरं हाताळलेली. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो, म्हणजे रविवार-बुधवार हिशोब बसतो. बसतो म्हणजे तसंच आहे असं नाही! पण डॉक्टरांना माहीत असेल तर ते स्वॅब घेतील आणि काही विचित्र दिसलं तर नमुना पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत जाऊ शकतो.

अख्ख्या घराच्या टेस्टची गरज नाही. सरकारी नियमात सौम्य ताप-खोकला म्हणजे ए कॅटेगरी, टेस्ट नाही, टॅमीफ्लू (फ्लूवरचं औषध) नाही, घरी बसा. सासूबाई मात्र वय, शुगर आणि दम्यामुळे बी, म्हणजे जास्त धोक्याच्या कॅटेगरीत बसतील, त्यांना ताप आला तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, टॅमीफ्लूचा उपयोग पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त. मनाने घेऊ नका. तोवर मुलाला त्यांच्या खोलीत झोपवू नका. मुलाला धाप लागली, ओठ निळसर वाटले, खाणंपिणं सोडून मलूल पडला तर सरळ हॉस्पिटल.

गोठ्यातला: परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा माजी विद्यार्थी. तुम्ही लिहिलेला भुंकल्यासारखा खोकला, चिकटून पडणं, एकदम तीन-चार आजारी, हे डुकरांच्या फ्लूचं चित्र आहे, तपासल्याशिवाय खात्री नाही. फ्लू असेल तर आठवड्यात बरी होतील, मरत सहसा नाहीत. पटापट मरायला लागली, अंगावर लाल-जांभळे डाग दिसले तर स्वाइन फीवर असू शकतो, तो माणसाला होत नाही. लोक फ्लू आणि फीवर एकच समजतात म्हणून सांगितलं.

डुकराची गंमत अशी की त्याच्या श्वासनलिकेत पक्ष्यांचा फ्लू पण शिरतो, माणसाचा पण. या विषाणूचे जनुकाचे तुकडे आठ, दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत घुसले की आठ-आठ पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसल्यासारखं होतं, नवीनच डाव निघतो. २००९चा असाच निघाला होता. आणि हे दोन्हीकडून चालतं बरं का, २००९नंतर माणसांनीच डुकरांना तो कित्येकदा दिलाय. तेव्हा त्या मामांना विचारा, त्यांना आधी ताप होता का?

इजिप्तचं म्हणाल तर तीन लाखांच्या आसपास डुकरं मारली, हुकूम निघाला तेव्हा देशात एकही पेशंट नव्हता. साथ यायची ती आलीच, वर कैरोचं ओलं खरकटं खाणारं कोणी उरलं नाही म्हणून रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग.

खवय्या नं. १: वांद्र्याहून सॉसेज आणून ठेवलेत हो, काय करू?

गोठ्यातला: खा. नीट शिजवलेल्या डुकराच्या मांसातून फ्लू होत नाही. कच्चं कापलेत तर हात धुवा.

तिसरामजला: सगळ्यांचे खूप आभार, अपडेट देते. डॉक्टरांना सांगितलं, आधी ओरडले, मग स्वॅब घेतला. रिपोर्ट फ्लू ए, एच१एन१, काकांसारखाच नेहमीचा. आणि मग कळलं की गेल्या शनिवारी काकांच्याच नातवाच्या वाढदिवसाला आमचा मुलगा तीन तास होता. हे मला कसं आठवलं नाही! आता ताप उतरलाय. सासूबाई ठीक, फ्लूची लस त्यांना येत्या आठवड्यात देतोय.

मामांना विचारलं. डुकरं खोकायच्या चार-पाच दिवस आधी ते स्वतः तापाने फणफणले होते आणि तशातच रोज खरकटं घालायला जात होते. आता त्यावरून काय समजायचं ते समजा, डुकरांची टेस्ट कोणी केलेली नाही. अर्जावर मी सही केली नाही, त्यावरून ग्रुपवर दोघींनी मला म्यूट केलंय बहुतेक. आज सकाळी पिंप आलं तेव्हा पहिल्यासारखी हाणामारी झाली, आवाजाने मीच उठले. मुलाचं पिल्लू बघायला जायचंय म्हणून भोकाड चालू आहे.