'मेडिक्लेम भरणारे मूर्ख' म्हणणाऱ्यांनी एकदा बिल वाचावं

म्हापसा तिठा:
परवा इथे एकाने लिहिलं, 'गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ आहे, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे, तरी मेडिक्लेमचे हप्ते भरतात ते मूर्ख. कॅनडासारखा एकच सरकारी विमा करा आणि खाजगी कंपन्यांना गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे धाडा.' खाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून गप्प बसवत नाही.

कॅनडात सरकारी विमा इस्पितळ आणि डॉक्टर यांचा खर्च उचलतो. घरी घ्यायच्या गोळ्या, दात, चष्मा यांसाठी तिथेही कितीतरी लोकांकडे नोकरीतून मिळालेला खाजगी विमा असतो. म्हणजे कंपन्या तिथूनही हद्दपार नाहीत.

दुसरं, गोमेकॉ आणि दीनदयाळ यांची भेसळ करू नका. गोमेकॉ ढोबळमानाने ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या जातीची. इस्पितळ सरकारचं, डॉक्टर पगारी. दीनदयाळ कॅनडाच्या वाटेची, इस्पितळ खाजगी असलं तरी बिल सरकार भरतं. पण त्याला मर्यादा आहे: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाख. योजना 2016 मध्ये आली तेव्हा यादीत 447 उपचार होते. यादीत नाव नसलेला आजार झाला किंवा घरात एकाच वर्षी दोन मोठी ऑपरेशनं आली की पुढचे पैसे कुठून आणणार? त्या वेळी मूर्ख कोण ते ठरवू.

फोंड्याची माई:
वर्गात मागच्या बाकावर झोपलेल्यांना शिकवल्यासारखं लिहिलंय. मर्यादा कमी पडते तर मर्यादा वाढवा, त्यात कंपनी कुठून आली?

विमा सगळ्यांना सक्तीचा का लागतो ते तुम्ही सोयीने गाळलंत. ऐच्छिक विम्यात धडधाकट माणूस पंचविशीत पॉलिसी घेत नाही, साखर वाढली की धावतो. त्याला रोखायला कंपनी पहिले 30 दिवस अपघात सोडून काही देत नाही आणि जुन्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत ताटकळत ठेवते. 2024 च्या आधी तर 48 होते. शिवाय वय वाढेल तसा हप्ता चढतो, म्हणजे गरज लागते त्याच वयात पॉलिसी सुटते. सगळ्यांचे पैसे एकाच पिशवीत आले की 'आजार जुना की नवा' ही चौकशीच उरत नाही. तैवानने 1995 मध्ये वेगवेगळ्या विमा योजना मोडून एकच केली ती याचसाठी.

पेडण्याचा पाव:
पिशवी भरेल गोवेकर आणि रिकामी करेल हद्दीपलीकडचं दोडामार्ग. बांबोळीला गोमेकॉच्या ओपीडीत सकाळी रांग बघा, अर्ध्या गाड्या एमएच 07, म्हणजे महाराष्ट्रातल्या सिंधुदुर्गच्या.

बांद्याहून:
आला का मूळ पदावर! 2018 पासून गोमेकॉ बाहेरच्यांकडून शुल्क घेते, हे ठाऊक नाही की आठवायचं नाही? तुमच्या हॉटेलात, वर्कशॉपात राबायला आमची पोरं चालतात, ताप आला की मात्र एमएच 07.

फोंड्याची माई:
दोघेही थांबा. ही भानगड कॅनडातही आहे. एका प्रांताचा रोगी दुसऱ्यात गेला तर डॉक्टर आपल्याच प्रांताकडे बिल लावतो आणि प्रांत आपापसात हिशेब मिटवतात. क्वेबेक डॉक्टरांच्या बिलांच्या या करारात नाही, म्हणून तिथला माणूस बाहेर गेला की पुष्कळदा आधी खिशातून भरतो. म्हणजे प्रश्न रोगी कुठला हा नाही, त्याच्या मागे पैसे येतात की नाही हा आहे.

म्हापसा तिठा:
माई, पिशवी एक झाली की दर ठरवणाराही एकच. 1962 मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात सरकारी विमा डॉक्टरांच्या फीपर्यंत पोचला तेव्हा डॉक्टर 23 दिवस संपावर गेले होते. इथे सरकारने उपचाराला ठरवलेला पॅकेजचा दर परवडला नाही तर इस्पितळ संप करत नाही, 'खाट नाही' म्हणतं.

फोंड्याची माई:
आणि तुमची कंपनी काय करते? खाट देते आणि बिल अर्धं कापते. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा त्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. घेतली दुप्पट भाड्याची, 6,000 ची खोली, तर त्याच प्रमाणात अख्खं बिल निम्मं. दोन लाख वीस हजारांतले एक लाख दहा हजार तुमच्या बोडक्यावर.

बिलिंगवाली:
इतका वेळ नुसती वाचत होते, पण हे चुकीचं आहे. अख्खं बिल निम्मं होत नाही. नीट मांडूया. चार दिवसांची खोली 24,000. सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट मिळून 1,20,000. औषधं 25,000, इम्प्लांट 40,000, तपासण्या 11,000. खोलीचे 12,000 मिळतील. सर्जन-थिएटरच्या गटाला निम्म्याची कात्री, म्हणजे 60,000. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, 2020 पासून नियमच आहे. ते 76,000 पूर्ण. एकूण 1,48,000. तुमच्यावर 72,000.

कंपनीने सरसकट निम्मं केलं तर 38,000 जादा कापले. लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल नाही किंवा पटला नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल, आपल्याला मुंबईचा लागतो. फी नाही, वकील नको.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही. ज्या इस्पितळात खोली बदलली तरी सर्जनची फी बदलत नाही, तिथे ही प्रमाणात कपात लावायचीच नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. म्हणून दाखल होतानाच काउंटरवर खोलीनिहाय दरपत्रक मागायचं.

म्हापसा तिठा:
ऐकलंत माई? आणि 2024 पासून कॅशलेसची, म्हणजे कंपनीने थेट इस्पितळाला पैसे भरायची, मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत. उशीर झाला आणि इस्पितळाने त्यापायी जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे.

बिलिंगवाली:
एवढे हुरळू नका. ते तीन तास इस्पितळाची विनंती पोचल्यावर मोजतात. डॉक्टर नऊला 'घरी जा' म्हणतो, मग उरलेली औषधं फार्मसीला परत, त्यांचे पैसे वजा केल्याची क्रेडिट नोट, डिस्चार्ज समरी टाइप, त्यावर सही. फाइल कंपनीकडे जाईपर्यंत एक वाजतो. तुम्ही घड्याळ नऊपासून बघता.

पेडण्याचा पाव:
म्हापसेकार, एवढी वकिली चाललीय, कमिशन किती टक्के?

म्हापसा तिठा:
पाव भाजा तुम्ही. हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये गेला, तो पण माझ्याच खिशात आला म्हणा.

फोंड्याची माई:
बरं, अख्खं बिल निम्मं होत नाही, चुकले. साष्टांग नमस्कार. पण 1,48,000 मिळवायला माणसाला 2020 चा नियम, दरपत्रक आणि मुंबईचा लोकपाल एवढं माहीत हवं. पित्ताशयाच्या कळा येत असताना कोण मागणार दरपत्रक?

बिलिंगवाली:
सोबत आलेल्याने मागायचं. ॲडव्हान्सची पावती फाडायच्या आधी. नंतर खोली बदलली तरी सर्जनची फी वरच्या वर्गाचीच लागलेली सापडते.