कॅथलिक शाळांनी 25 टक्के जागा आपणहून भराव्यात का?

पेठकर (धागाकर्ता)
पुण्याचं सेंट व्हिन्सेंट 1867 चं, मुंबईचं झेवियर्स 1869 चं. जेझुइट म्हणजे एका कॅथलिक धर्मगुरू संघाची माणसं; त्यांनी मुलग्यांसाठी काढलेल्या या शाळांचा विषय निघाला की आपल्याकडं शिस्त आणि इंग्रजीपलीकडं कुणी बोलत नाही. मूळ परंपरा त्याहून मोठी आहे. इग्नेशियस लोयोलांनी स्थापलेल्या याच संघानं 1548 मध्ये सिसिलीतल्या मेसिनात बाहेरच्या मुलांसाठी शाळा काढली. 1599 मध्ये शिकवण्याची रीत लिहून ठरवली: धडा शिक्षकानं आधी उलगडून दाखवायचा, मुलांनी उजळणी करायची, वर्गाचे दोन गट पाडून प्रश्नोत्तरांची चढाओढ लावायची. भाषणं होती, नाटकं होती. आणि फी नव्हती! शाळा दात्यांच्या देणग्यांवर चालायच्या.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते आपल्याच कोल्हापूर संस्थानात. इथल्या कॅथलिक शाळांनी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या, 25 टक्के जागा आपणहून भराव्यात. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालानं अल्पसंख्याक शाळांना सूट दिली, मनाई केलेली नाही.

रंकाळाकाठ
भावा, सूट उपकार म्हणून मिळालेली नाही. घटनेच्या कलम 30 नं छोट्या समाजांना आपली शाळा आपल्या पद्धतीनं चालवायचा हक्क दिलाय. आज आपणहून भरा, उद्या सक्ती होईल. शिवाय सरकारकडून या मुलांच्या फीचा परतावा वेळेवर येत नाही, हे कुठल्याही संस्थाचालकाला विचार. शिक्षकांचे पगार कशातून करायचे?

कागलची लेक
मला मुळात हे कौतुकच पटत नाही. 1901 चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, अस्पृश्य मुलांसाठी 1908 चं मिस क्लार्क होस्टेल ही आपली परंपरा. इथल्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत उभी केली. खेड्यातलं पोर शिकलं ते यांच्यामुळं. आणि 'मुलांची शाळा' म्हणजे माझ्यासारखीला दारच बंद, हे कुणाच्या लक्षात तरी येतं का?

पेठकर
ताई, दार बंद होतं हे खरंच, आणि ते चुकीचंच होतं. पण आपली बोर्डिंगंही मुलांचीच होती. तो दोष दोन्हीकडं आहे.

प्रवरेचा पाहुणा
नगर जिल्ह्यातून येऊन इथं स्थायिक झालोय, म्हणून लिहितो. आमच्याकडं जेझुइट म्हणजे मराठी. संगमनेरचं ज्ञानमाता विद्यालय त्यांचंच. 'निरोप्या' हे मराठी मासिक 1903 मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटानं सुरू केलं. त्याच्याही आधी 1616 मध्ये जेझुइट फादर स्टीफन्सचं ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. ही माणसं गरिबाच्या वस्तीत जाऊन त्याच्या भाषेत बोलली. शहरातल्या इंग्रजी शाळांनी ही बाजू का सोडली, हा प्रश्न मला जास्त छळतो.

रंकाळाकाठ
पाहुणे, हा मुद्दा मानला. पण पैशाचं काय?

पेठकर
माजी विद्यार्थ्यांनी कायमचा निधी उभारावा. परतावा अडकला तर त्यातून पगार भागवायचे. डॉक्टर, कारखानदार, वकील, सगळे आहेत की आपल्यात. मी माझा वाटा द्यायला तयार आहे.

रंकाळाकाठ
निधी उभा राहिला तर मीही देईन. मात्र मुलांची निवड शाळेनं करायची, सोडतीनं नाही.

कागलची लेक
मग ओळखीपाळखीचीच पोरं येणार. सोडत नसेल तर माझा विरोध कायम.