मदत हवी आहे: सू वीडसाठी व्हॅक्यूमच्या पिशव्या कोणत्या घ्याव्यात?

मंडळी, घरी सू वीड (म्हणजे पदार्थ हवाबंद पिशवीत घालून ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात सावकाश शिजवणं) करणाऱ्यांचा सल्ला हवाय. चिकन ब्रेस्ट ६२ अंशाला दीड तास ठेवलं की फार सुरेख होतं, अजिबात चिवट नाही. अडचण मटणाची आहे. खांद्याचं मटण ६५ अंशाला २४ तास ठेवायचं म्हटलं की पिशवी दगा देते.

माझं मशीन पिशवी बाहेर ठेवून हवा ओढणारं आहे. दही-आलं-तिखट लावलेलं मटण असलं की हवेबरोबर मसालाही तोंडाशी येतो, कडा ओली होते आणि सील नीट धरत नाही. सकाळी पिशवी फुगून तरंगत असते, पाण्यावर हळदीचा पिवळा तवंग. मसाला लावून फ्रीझरमध्ये कडक करायचं, मग दुहेरी सील मारायचं, असं ऐकलंय. नेहमी असं करणारं कोणी आहे का? हाडाचं टोक पिशवीला भोक पाडू नये म्हणून काय करता?

दुसरं, सुकामेव्यासाठी मिळणाऱ्या गुळगुळीत पिशव्या स्वस्त पडतात, पण माझ्या मशीनला आतून खडबडीत असलेल्याच लागतात. पुण्यात तशा, गरम पाण्यात इतका वेळ चालतील अशा पिशव्या कुठे मिळतात? झिपच्या पिशवीतली हवा पाण्यात बुडवून काढता येते, पण २४ तासांसाठी मला तिचा भरवसा वाटत नाही.

उरलेलं मटण मी बंद पिशवीसकट बर्फाच्या पाण्यात गार करून लगेच फ्रीजमध्ये टाकते. कारण बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू ६५ अंशाला मरत नाहीत. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे स्वतः वापरलेल्या पिशव्यांबद्दलच सांगा, प्लीज.