अनुभव धागा: भराभर लिहिलेली कथा आणि ‘कसं लिहावं’ची पुस्तकं

यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे अकरा दिवसांत कथा मागितली. मी वर्षाला जेमतेम एक कथा पुरी करणारी. कपाटात कथालेखनावरची सात पुस्तकं आहेत, सगळ्यांत पेन्सिलीच्या खुणा. त्या अकरा दिवसांत एकही उघडलं नाही. कथा झाली, आणि आधीच्या कुठल्याही कथेपेक्षा ती मला जास्त माझी वाटते. मग इतकी वर्षं त्या पुस्तकांनी मला काय दिलं? नाशिकच्या आणि आसपासच्या लिहिणाऱ्यांनी आपापलं घडलेलं सांगावं. उपदेश नको.

नाशिकरोड, मुंबईला नोकरी

मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाउन करतो. जायला साडेतीन तास, यायला तेवढेच. इगतपुरी सुटली की घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते, तेव्हा मोबाइलवर लिहायला बसायचं, असं ठरवलं.

अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेला एक उपक्रम होता: नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी. म्हणजे दिवसाला १,६६७ शब्द. आपल्याकडे नोव्हेंबरात अनेकदा दिवाळी असते, म्हणून मी जून घेतला. दहा दिवसांतच लक्षात आलं की हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावून चालत नाही. ‘घराच्या समोरच्या’ एवढं सगळं आपण ‘घरासमोरच्या’ या एका शब्दात बसवतो, इंग्रजीत त्याला चार-पाच शब्द लागतात. मग मी दिवसाला १,१०० वर आलो आणि श्वास घेता आला.

अठराव्या दिवशी, ज्याला नुसता चहा द्यायला आणलं होतं तो कॅन्टीनमधला पोऱ्या बोलायला लागला, तो आठ पानं थांबला नाही. आज कादंबरी त्याचीच आहे. आधीची सतरा दिवसांची पानं काढून टाकली. सावकाश लिहीत असतो तर पहिल्याच पानांना रंग देत बसलो असतो, त्या पोऱ्यापर्यंत पोचलोच नसतो.

पंचवटी, निवृत्त शिक्षिका

मला वेग मानवला नाही, हेही नोंदवून ठेवा. आईच्या आजारपणावरची कथा मी चार रात्रींत लिहिली आणि लगेच पाठवली. छापूनही आली. आता वाचवत नाही. आई त्यात नाहीच, नुसतं माझं रडणं आहे. तो विषय सहा-सात वर्षं मुरायला हवा होता.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी २६ दिवसांत सांगून उतरवून घेतली, हे दाखल्यादाखल नेहमी ऐकवतात. पण १८६६ साली उतरवलेल्या त्या कादंबरीची कल्पना त्याच्या १८६३ च्या एका पत्रात आहे. हात २६ दिवस चालला, मन तीन वर्षं.

निफाड तालुका, द्राक्षबाग

मला लिहायला पावसाळ्यातले काही आठवडे मिळतात. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मार्चपर्यंत वही उघडत नाही. त्यामुळे भराभर लिहिणं ही माझी आवड नाही, सोय आहे.

पुस्तकाचं म्हणाल तर एकच वाचलंय, अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंगचं, पुतण्याने दिलेलं. त्यात त्याला एका नकारपत्रावर कुणी लिहून दिलेलं सूत्र आहे: दुसरा खर्डा म्हणजे पहिला खर्डा वजा दहा टक्के. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. विरळणीच्या वेळी चांगले दिसणारे मणीसुद्धा कात्रीने काढावे लागतात, तेव्हा उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. नवा मजूर हात आखडतो आणि घड दाटून जातो. माझ्या पहिल्या कथेत मी तसाच हात आखडला होता, पावसाची तीन वर्णनं ठेवली होती. पण हे पुस्तक मला कथा लिहून झाल्यावर मिळालं. आधी मिळालं असतं तर कापायला हातात काहीच नव्हतं.

कॉलेज रोड, प्राध्यापक

निफाडच्या दादांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी उलटं केलं. आधी पुस्तकं, मग लेखन, आणि मध्ये नऊ वर्षं गेली.

त्यात इंग्रजी पुस्तकांचे काही नियम आपल्या भाषेला लागूच होत नाहीत. क्रियाविशेषणं काढा म्हणतात. ‘हळूहळू’, ‘भराभर’, ‘गुपचूप’ काढली तर मराठी वाक्याची चालच जाते. सांगू नका, दाखवा म्हणतात. आपल्याकडे शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं. त्यांनी सांगितलंच, आणि लोकांना समोर दिसलं. हा नियम डोक्यात ठेवून मी माझ्या आजीच्या तोंडची गोष्ट दृश्यांत तोडली आणि तिचा आवाज घालवून बसलो. आता ती पुन्हा लिहितोय, तिच्याच बोलीत.

एका पुस्तकाचं ऋण मात्र मानतो. संवाद लिहून झाला की मोठ्याने वाचा, एवढंच त्यातलं घेतलं. बायको ऐकते. ज्या ओळीला ती ‘कोण बोललं?’ विचारते, ती ओळ बदलतो.

सिडको, बी.ए. दुसरं वर्ष

मी फोनमध्ये बोलून टाइप करते. वीस मिनिटांत दोन पानं होतात, पण विरामचिन्हं येत नाहीत आणि जोडाक्षरं चुकतात, ती दुरुस्त करायला तास जातो. तरी हेच बरं, कारण बोलताना मागचं खोडता येत नाही. लेखनावरची पुस्तकं परवडत नाहीत, सार्वजनिक वाचनालयातून आणते. ताई, तुमच्या सातांपैकी पेन्सिलीच्या खुणांचं एखादं महिनाभर द्याल? खुणा केलेलंच हवं. तुम्ही कुठे थांबलात ते बघायचंय.

धागा काढणारी

नक्की. रविवारी सकाळी कुसुमाग्रज स्मारकात येते, दोन आणते. आणि अकरा दिवसांच्या कथेचा पहिला खर्डाही आणते, त्यातली खोडाखोड आधी बघ.