अनुभव धागा: धर्माचा रकाना

आगरवाट: अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉगची पाटी दिसली आणि जुना प्रश्न वर आला: सरकारी कागदावर धर्म आणि जात कशी लिहायची? ज्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, पंचक्रोशी 'शनवार तेली' म्हणते, त्यांना राज्याने अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 मध्ये. केंद्राच्या यादीत अजून सहाच: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी 1993 पासून, जैन 2014 पासून. म्हणजे ज्यू विद्यार्थ्याने राज्याच्या योजनाच बघायच्या. बाकी समाजांच्या कागदांचं माहीत असेल ते लिहा.

पोफळी: जनगणना विसरू नका! 2011 ला हिंदू 1 ते जैन 6, एवढ्यांनाच आकडा होता. ज्यू, पारशी यांनी धर्माचं नाव पूर्ण लिहायचं. पेणकर, रोहेकर अशी आडनावं ऐकून प्रगणक परस्पर 1 लिहू शकतो. रकाना वाचून दाखवायला सांगा.

खाडीपट्टा: आमच्याकडे नवबौद्धांचा घोळ. केंद्राच्या नोकरीला दाखल्यावर नुसतं 'नवबौद्ध' चालत नाही, मूळ अनुसूचित जात लागते. पुरावा 10 ऑगस्ट 1950 आधीचा: आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर तहसीलमधून गाव नमुना 14 ची (जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. त्यात धर्म हिंदू दिसणारच, धर्मांतर 1956 चं. ती विसंगती नव्हे, अर्जातच तसं लिहा.

सुरंगी: @खाडीपट्टा, आणि ख्रिस्ती झालेल्या दलितांचं काय? अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशात शीख 1956 ला आले, बौद्ध 1990 ला. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर. धर्म बदलला म्हणून वाडीतली वागणूक बदलते का? हा उघड अन्याय आहे.

दर्यासारंग: मुस्लिम ओबीसींनी जातीच्या दाखल्यासाठी तारीख नीट बघा, 13 ऑक्टोबर 1967. त्या आधीच्या कागदावर जात हवी. नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असेल तर चुलत्याचा, आतेचा दाखला शोधा. वडिलांकडचंच नातं चालतं, मामाकडचं नाही. वंशावळ जोडायचीच.

पोफळी: 👆 सेव्ह केलं. भात उतरवून येते.

आगरवाट: निकाह असो की केतुबा (ज्यूंचा लग्नाचा करार), विवाहनोंदणी ग्रामपंचायतीतही होते, तीन साक्षीदार न्या. नावं आधारवर आहेत तश्शीच लिहा.

सुरंगी: इस्रायल आळी निघालीच आहे तर त्यांच्या मलिद्याचे (नवसाच्या गोड पोह्यांच्या प्रसादाचे) पोहे भिजवायचे का?

आगरवाट: भिजवायचे नाहीत. धुवून चाळणीत निथळायचे, मग ओलं खोबरं, साखर, वेलची. फळं शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.